हात आवरायला शिकताना

माझ्या भाच्याचा उजवा हात कोपरात पूर्ण सरळ होत नाही. वीसेक अंश कमी पडतात. अनोळखी माणसाच्या ते लक्षातही येत नाही. पण वरच्या फळीवरचा डबा काढायला तो हात लांब करतो, तेव्हा शेवटचं दोन बोटांचं अंतर त्याला टाचा उचलून भरून काढावं लागतं. त्या वेळी मी समोर असले तर उगाच गॅस बारीक करायला वळते. हात दुखावला तो पडल्यामुळे, हे खरं. कायमचा अधू राहिला तो माझ्या मालिशीमुळे.

गेली सोळा वर्षं मी सासवड रस्त्याला एका फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये काम करते. मुरगळलेले घोटे, ताणलेले स्नायू, प्लास्टर निघाल्यावर ताठरलेले खांदे हातानं मोकळे करणं हे माझं काम. लोक मला डॉक्टर म्हणतात आणि मी दर वेळी दुरुस्त करते. फिजिओथेरपीची पदवी असते, साडेचार वर्षांची. ती आमच्या मॅडमकडे आहे. माझ्याकडे मालिशीचा एक वर्षाचा कोर्स आहे आणि आईचा हात आहे. या हातानं मी काय काय बिघडवलं ते क्लिनिकमध्ये नव्यानं शिकायला येणाऱ्या मुलींना तोंडी सांगतच असते. आता लिहूनच ठेवते.

आमचं घर हडपसर गावठाणातलं. मगरपट्ट्यात ऊस उभा होता तोवर आई सकाळी खुरपायला जायची आणि कुणाकडे बाळंतीण असली तर तिकडून तेल लावायला. उसाच्या जागी फ्लॅट आले तसं खुरपं सुटलं, तेलाची वाटी तेवढी राहिली. ज्या शिवारात बांधावर बसून भाकरी खाल्ली, तिथंच सातव्या मजल्यावर जाऊन इंजिनिअर बायकांच्या बाळांचे पाय चोळले, असं ती हसत सांगायची. मी तिच्याबरोबर जाऊ लागले तेव्हा पहिलीचं पुस्तक वाचावं तसं अंग वाचायला तिनं मला शिकवलं. तेल किती कोमट, हे मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचं. बाळाच्या पोटावर हात कुठल्या दिशेनं फिरवायचा, बाळंतिणीची कंबर कुठं दाबायची आणि कुठं नुसता तळवा ठेवायचा.

हे ज्ञान खोटं नव्हतं. पण ते बाळंतिणीचं आणि बाळाचं होतं. आम्ही ते सगळ्यांना लावलं. आळीत कुणाला लचक भरली, उसण भरली, मुका मार लागला, की माणूस आमच्या ओट्यावर. आमच्या गल्लीत एक पायाळू बाई होती. लोक आधी तिच्याकडून कमरेला पाय लावून घ्यायचे आणि तिथून सरळ आमच्याकडे तेल लावायला यायचे. दोन्हींपैकी कशानं गुण आला हे कुणी विचारत नसे. बहुतेकांना आठवड्याभरात आपोआपच बरं वाटणार होतं, हे मला फार उशिरा कळलं.

२००६चा मे महिना. भाचा नऊ वर्षांचा. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावरून उडी मारताना उजव्या हातावर पडला. कोपर पावासारखं फुगलं. भाऊ म्हणाला, "फोटो काढून आणू का?" आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. मी पोराला बोटं हलवायला लावली. हलली. म्हटलं, "हाड शाबूत आहे, कशाला पैसे घालवतोस?" त्या एका वाक्यात माझी पहिली चूक आहे. बोटं हलवणारे स्नायू वेगळे, कोपराचं हाड वेगळं. हाडाला तडा असूनही बोटं हलू शकतात. पण मी इतक्या खात्रीनं बोलले की भावानं चप्पल पुन्हा कोपऱ्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिळाच्या तेलात लसूण आणि ओवा कडवून मी मालिश सुरू केली. सूज जिथं जास्त तिथं अंगठा जास्त. आईनं एकदा म्हटलं, "दोन दिवस थांब, ठणका बसू दे." मी थांबले नाही. आईला जुनं वाटतं आणि मला नवं कळतं, अशा वयात होते मी. पोरगा रडायचा. मी म्हणायचे, "दुखतंय म्हणजे लागू पडतंय." तेल लावून शेकून झालं की अर्धा तास हात खरंच हलका व्हायचा, आणि तो डोळे पुसत सांगायचा, "आता बरं वाटतंय आत्या." त्या शब्दावर मी दुसऱ्या दिवशीची वाटी तापवायचे. आठवड्यानं कोपर सरळ होत नाही असं दिसल्यावर मी त्याला अर्धी बादली पाणी घेऊन अंगणात फेऱ्या मारायला लावल्या. वजनानं हात ओढला जाईल आणि उघडेल, असा आमचा हिशेब. संध्याकाळी मी स्वतः तो हात मांडीवर घेऊन जोर लावून सरळ करायचे.

पाच आठवडे झाले. सूज उतरली होती, पण कोपर पहिल्यापेक्षा ताठ झालं होतं. कोपराच्या पुढच्या बाजूला दंडाच्या खालच्या मांसात मला काहीतरी टणक लागलं. आवळ्याएवढं. मला वाटलं गाठ धरली आहे, आता ती फोडली पाहिजे. चार दिवस मी ती अंगठ्यानं फोडत होते.

शेवटी भावजयीनं मला न विचारता पोराला दवाखान्यात नेलं. मी मागाहून पोचले. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला होता. हाडाच्या बाजूला, जिथं नुसतं मांस असायला हवं तिथं, पांढरा ढग होता. हाडात जुना बारीक तडाही होता. त्यांनी आमच्याकडे न बघताच विचारलं, "मालिश कोण करत होतं?" तो प्रश्न त्यांनी किती जणांना विचारला असेल! आपल्या देशात हाडांच्या डॉक्टरांना हा फोटो नवा नाही.

त्यांनी समजावलं ते असं. कोपराच्या पुढच्या स्नायूत मार बसून रक्त साकळलं होतं. त्याला हात लावला नसता तर ते बहुधा आपणहून विरलं असतं. पण दुखावलेला स्नायू रोज रगडला, ओढला, पुन्हा पुन्हा दुखावला, की त्यातल्या दुरुस्ती करणाऱ्या पेशींची वाट चुकते. त्या मांसाऐवजी हाड बनवू लागतात. मायोसायटिस ऑसिफिकन्स. म्हणजे मी अंगठ्यानं जी गाठ फोडत होते ते भाच्याच्या मांसात रुजलेलं नवं हाड होतं, आणि त्याला खतपाणी मीच घालत होते.

त्यावर उपाय काय, तर मालिश बंद, ओढणं बंद, बादली बंद. पोरानं स्वतःच्या ताकदीनं, दुखणार नाही इतपतच हात हलवायचा. ते हाड पक्कं व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं, तोवर शस्त्रक्रियेचाही विचार करता येत नाही. वर्षभरात हात बराच सुटला. शेवटचे वीस अंश राहिले. तेवढ्यासाठी कापाकापी नको, असं डॉक्टर आणि भाऊ दोघांचंही ठरलं. भावजय माझ्याशी सात-आठ महिने कामापुरतं बोलली. मला ते पुरेसं वाटलं नाही. तिनं भांडायला हवं होतं.

त्यानंतर तीन वर्षं मी बाळंतिणी सोडून कुणाला हात लावला नाही. मग आमच्या एका गिऱ्हाईक बाईनं, जी स्वतः फिजिओथेरपिस्ट, मला विचारलं, क्लिनिकमध्ये येशील का? मी तिला कोपराची गोष्ट सांगितली. वाटलं, आता ही नको म्हणेल. ती म्हणाली, "मग तर येच. तुला निदान एक गोष्ट पाठ झाली आहे." तेव्हापासून त्या माझ्या मॅडम.

मॅडमनी पहिल्या महिन्यात मला कुणाला हात लावू दिला नाही, नुसतं बघायला बसवलं. स्नायू किंवा अस्थिबंध दुखावला की आत काय होतं, ते शिवणकामाच्या भाषेत सांगितलं, कारण मला शिवण येत होतं. पहिले दोन-तीन दिवस रक्तस्राव, सूज, साफसफाई. मग साधारण तीन आठवडे शरीर कच्चे टाके घालत असतं, वेडेवाकडे, घाईचे, जिथं जमेल तिथं. त्यानंतर कित्येक महिने ते उसवून पक्के टाके घालण्याचं काम चालतं. पक्का टाका कुठल्या दिशेनं घालायचा हे शरीराला कळतं ते त्या भागावर हळूहळू येणाऱ्या भारावरून. पहिल्या दिवसांत रगडणं म्हणजे कच्चा टाका ओढून काढणं. आणि नंतरच्या दिवसांत भारच न देणं म्हणजे कापड कच्च्या टाक्यावरच घालून फिरणं.

मालिशीच्या प्रकारांची नावं मला आधी जड गेली. एफ्लुराज, पेट्रिसाज. ती फ्रेंच आहेत, पण रूढ केली एका डच डॉक्टरांनी, योहान मेझगर यांनी, एकोणिसाव्या शतकात. क्लिनिकमधल्या आम्ही बायका त्यांना 'पसरता हात' आणि 'कणीक मळणं' म्हणतो. तिसरा प्रकार 'आडवा घास'. तो ब्रिटिश डॉक्टर जेम्स सिरियाक्स यांचा. दुखऱ्या कंडरेच्या नेमक्या जागी, धाग्यांच्या आडव्या दिशेनं, एकाच बोटानं चोळायचं, आणि तेही तेल न लावता, कारण बोट घसरता कामा नये. ज्या बाईचं अर्धं आयुष्य तेलाच्या वाटीत गेलं, तिला तेलाशिवाय चोळायचं म्हणजे मिठाशिवाय भाजी करण्यासारखं वाटलं.

इतकं शिकून पुढची चूक झाली नाही असं नाही. २०१२च्या सुमारास क्लिनिकची वेळ संपली की मी घरोघरी जाऊन मालिश करायचे. काळेपडळला एक ताई पोळी-भाजी केंद्र चालवायच्या. दिवसाला अडीच-तीनशे पोळ्या. उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला ठणका. कपबशी उचलवत नव्हती. याला टेनिस एल्बो म्हणतात. जन्मात टेनिसची रॅकेट न धरलेल्या बायकांना लाटण्यानं, पिळण्यानं, खवणीनं होतो. मी आडवा घास द्यायचे, मग पसरता हात. ताई म्हणायच्या, "तू येऊन गेलीस की दोन दिवस लई बरं वाटतं." तिसऱ्या दिवशी दुखणं परत. मग मी परत.

अठरा वेळा गेले. दर वेळचे पैसे घेतले. त्या महिन्यांत माझ्या मुलाची क्लासची फी त्यांच्या कोपरातून निघाली, असं म्हटलं तरी चालेल. मला व्यायाम माहीत नव्हते असं नाही. मनगट उलटं धरून हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घ्यायची, ती सावकाश खाली सोडायची, आठवड्या-आठवड्यानं भार वाढवायचा. रोज दहा मिनिटं. मी एकदा सांगितले, त्यांनी केले नाहीत, मी पुन्हा विचारलं नाही. व्यायाम केले असते तर माझी गरज संपली असती, हा विचार मी स्पष्टपणे कधी केला नाही. पण तो माझ्या न विचारण्यात होता.

मॅडमना कळलं ते ताईच क्लिनिकमध्ये आल्या म्हणून. मॅडम मला आत बोलावून ओरडल्या नाहीत. त्यांनी एका अभ्यासाबद्दल सांगितलं. २००६ साली ऑस्ट्रेलियात टेनिस एल्बोच्या १९८ रुग्णांचे तीन गट केले. एकाला स्टेरॉइडचं इंजेक्शन, एकाला व्यायामासह फिजिओथेरपी, एकाला नुसती वाट बघायला सांगितली. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सगळ्यांत खुशीत. पुढं वर्षभर पाहिलं तर त्यांतल्याच बहुतेकांचं दुखणं उलटलं होतं आणि काहीच न केलेले लोक त्यांच्यापेक्षा बरे होते. मॅडम म्हणाल्या, "तू टोचत नाहीस, चोळतेस. पण तूही सहा आठवड्यांचाच हिशेब करतेस."

त्या रात्री मला भाच्याचं वाक्य आठवलं. आता बरं वाटतंय आत्या. ताईंचंही तेच. आपल्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत, बरं वाटणं आणि बरं होणं. आम्ही मालिशवाल्या पहिल्यावर पोट भरतो आणि दुसऱ्याचं श्रेय घेतो. बरं वाटणं खोटं नसतं, फुकटही नसतं. दुखण्याला घाबरून आखडलेलं अंग अर्धा तास का होईना सैल पडतं, त्या अर्ध्या तासात माणूस हात हलवायला धजतो. पण त्या वेळेत त्याला हलवायला लावलं नाही, तर ती नुसती चांगली गेलेली संध्याकाळ. ताईंचं कोपर पुढं बाटलीनं आणि कणकेचे गोळे करायला ठेवलेल्या दुसऱ्या बाईनं चार महिन्यांत सुधारलं. शेवटच्या सहा बैठकींचे पैसे मी परत करायला गेले. त्यांनी ते घेतले. घेतले याचं मला बरं वाटलं.

खोटं बोलणंही पुष्कळ केलं, आणि तेही ज्ञान म्हणून. मगरपट्ट्यातली पळणारी मुलं यायची. मॅरेथॉन झाली की पायऱ्या उतरवायच्या नाहीत. मी त्यांची पोटरी दाबत सांगायचे, "लॅक्टिक ॲसिड साठलंय, बाहेर काढते." ते ॲसिड पळणं थांबल्यावर तासाभरात शरीर स्वतःच निपटतं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या बारीक झिजेचं असतं. 'शिरेवर शीर चढलीय', 'वात अडकलाय', 'गाठ फुटली बघ' असली वाक्यं मी इतक्या सहज बोलायचे की मलाच ती खरी वाटत. गिऱ्हाइकाला कारण हवं असतं, आणि आपल्या तोंडात तयार असतं.

एकदा एका निवृत्त काकांची पाठ दाबली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेनं फोनवर फोटो पाठवला. पाठभर निळेजांभळे वळ. ते रक्त पातळ होण्याची गोळी घेत होते. मी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. चूक विचारणाऱ्याची. त्या दिवसापासून मी एक कागद बाळगते. कधी लागलं, कसं लागलं, कोणत्या गोळ्या चालू, साखर, रक्तदाब, ताप, एकाच पायाची सूज, मुंग्या, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. कागद भरेपर्यंत तेलाच्या बाटलीचं झाकण उघडायचं नाही. नव्या मुली कुरकुरतात, लोक मालिशीला आलेत, मुलाखतीला नाही. मी त्यांना काकांच्या पाठीचा फोटो दाखवते.

मी एकटीच चुकत होते असंही नाही, आणि हे कळल्यावर थोडा धीर आला. मुरगळल्यावर विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच, हा जगभर पाठ झालेला मंत्र अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ साली आपल्या पुस्तकात दिला. पस्तीसेक वर्षांनी त्याच मर्किन यांनी लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती दोन्ही बरं होणं लांबवू शकतात. सूज ही दुरुस्तीचाच भाग असते, बर्फ तिला थोपवतो. दुखणं मात्र कमी करतो. पुन्हा तेच, बरं वाटणं एकीकडे आणि बरं होणं दुसरीकडे. पण मला त्यांच्या बर्फापेक्षा त्यांचं ते दुसरं लिहिणं मोठं वाटलं. आपल्याच नावावर चाललेली गोष्ट आपणच मागं घ्यायची म्हणजे साधं काम नाही.

आता शेवटची चूक. ही घडता घडता राहिली, म्हणून जास्त छळते.

ज्येष्ठात पालख्या पुण्यातून निघतात त्या दिवशी हडपसरला पाय ठेवायला जागा नसते. ज्ञानेश्वर माउली आणि तुकोबा, दोन्ही पालख्या गाडीतळापर्यंत येतात आणि इथं वाटा फुटतात. तुकोबांची सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरला जाते, माउलींची दिवे घाट चढून सासवडला. सासवडचा टप्पा तीस-बत्तीस किलोमीटरचा, बहुतेकांच्या पोटात एकादशीचा उपवास. हडपसरला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू, दाढी, चप्पल शिवणं, आणि पायांना तेल लावणं, सगळी सेवा फुकट. आमच्या आळीचाही मांडव असतो. २०१७ साली मी त्यात पाय दाबायला बसले होते.

सकाळपासून शंभरेक जोड्या झाल्या असतील. एक साठीच्या आजी टेकल्या. परभणीकडच्या. डोक्यावरचं तुळशीवृंदावन त्यांनी आधी नीट बाजूला ठेवलं, मग पाय पुढं केला. डावा. "हा लई भरून आलाय माउली, हाच दाब." मी तेल घेतलं आणि घोट्यापासून वर जाऊ लागले. पोटरी टणक होती. मी कणीक मळतात तशी ती धरली. आजींनी डोळे मिटले. म्हणाल्या, "आता बरं वाटाया लागलं."

तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेली फिजिओथेरपीची विद्यार्थिनी, विशीची, माझ्या मनगटावर हात ठेवून हळूच म्हणाली, "काकू, दुसरा पाय बघा." मी लुगडं थोडं सरकवून उजवा पाय बघितला. बारीक, काटकुळा, धुळीनं माखलेला. डावी पोटरी त्याच्या दीडपट. कातडी तुकतुकीत. माझ्या हाताची मागची बाजू टेकवली तर उजव्या पायापेक्षा गरम. चालून पाय सुजतात ते दोन्ही सुजतात. एकच सुजतो, एकच तापतो, तेव्हा आतल्या मोठ्या नसेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि ती दाबून सुटली तर वर फुफ्फुसात जाऊन अडकू शकते. हे सगळं मला माहीत होतं. माझ्या कागदावर तिसऱ्या ओळीत होतं. मांडवात कागद आणला नव्हता. सेवेत कसला कागद!

विचारलं तर आजी म्हणाल्या, आळंदीला येताना टेम्पोत चौदा तास पाय मुडपून बसलो होतो, तवापासून हा पाय जड आहे. त्या मुलीनं १०८च्या माणसांना बोलावलं. डॉक्टरनं पाय बघितला, आणि सोनोग्राफी केल्याशिवाय एक पाऊल चालायचं नाही म्हणून सांगितलं. आजी काही केल्या गाडीत बसेनात. घाट चुकला तर वारी मोडली, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांच्या दिंडीतला एक म्हातारा म्हणाला, "तुळस मी नेतो सासवडला. तू मागून ये." तेव्हा बसल्या. जाताना माझ्या हाताला हात लावून त्यांनी तो कपाळाला लावला. त्या हाताला अजून तेल होतं.

पुढं काय झालं, मला माहीत नाही. नाव विचारायचं राहिलं. सगळेच एकमेकांना माउली म्हणत होतो. गुठळी होती की नव्हती, त्या सासवडला पोचल्या की नाही, मी किती दाबलं आणि त्यानं काय केलं किंवा केलं नाही, यांतलं काहीच मला कधी कळणार नाही. कोपराच्या चुकीचा निदान फोटो आहे.

त्यानंतर मांडवात माझ्यासमोर कुणीही बसलं तरी मी आधी दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवायला लावते. हाताची मागची बाजू आधी एकावर, मग दुसऱ्यावर. दहा सेकंदांचं काम. लोकांना वाटतं मी नमस्कार करते आहे. वाटू देते.

गेल्या पावसाळ्यात भाचा लंगडत घरी आला. आता तो अठ्ठावीस वर्षांचा आहे. मांडवाचे बांबू सोडताना पाय खड्ड्यात मुरगळला होता. बाहेरचा घोटा अंड्याएवढा. खुर्चीत बसून त्यानं पाय माझ्यापुढं केला. "आत्या, दाब ना जरा."

मी हात पदराला पुसले आणि मागंच ठेवले. कॅनडातल्या ऑटवाच्या डॉक्टरांनी १९९२ साली घोट्यासाठी एक साधी कसोटी दिली आहे, फोटो काढायला हवा की नको हे ठरवायची. मी म्हटलं, "आधी चार पावलं टाकून दाखव." त्यानं कण्हत टाकली. मग दोन्ही घोट्यांच्या हाडांची मागची कड आणि टोक, पायाच्या बाहेरच्या कडेचं हाड, आतल्या बाजूचं हाड, असं एकेका बोटानं चाचपलं. हाडावर कुठं दुखत नव्हतं, दुखत होतं ते पुढच्या मऊ भागात. पट्टी बांधली, पाय दोन उशांवर ठेवला.

"फोटो नको मग?" त्यानं विचारलं.

"नको. पण उद्या चार पावलं टाकता आली नाहीत तर काढायचा."

"आणि तेल?"

"तीन-चार दिवसांनी बघू. तोवर पंजा वर-खाली करत राहा. तुझा तू."

"तू एवढी शिकलीस आणि दाबत पण नाहीस," तो म्हणाला. हसत म्हणाला. मग टेबलावरचा चहा घ्यायला त्यानं हात पुढं केला, जिथवर जातो तिथवर. उरलेलं दोन बोटांचं अंतर मी कप सरकवून भरून काढलं.